पितळेचा नाद आणि मँगनीजचे मौन

भंडारा जिल्ह्याची ओळख दोन धातूंशी जोडलेली आहे. त्यांपैकी पितळ सर्वपरिचित आहे, कारण वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार नावाजलेले असून आजही ते पितळनगरी म्हणून ओळखले जाते. दुसरा धातू मँगनीज. तो जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून काळ्या, जड खनिजाच्या रूपाने बाहेर येतो आणि त्याचे धातुरूप घराघरांत कोणी पाहिलेले नसते. कंपनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही जोडी विलक्षण आहे. पितळेवर टिचकी मारली तर ते बराच वेळ घुमत राहते, आणि त्याच पितळेतील तांब्याला जस्ताऐवजी भरपूर मँगनीजची जोड दिली व तो मिश्रधातू योग्य रीतीने तापवून थंड केला, तर त्याच्यावर हातोडा मारूनही लाकडावर मारल्यासारखा आवाज येतो. एकाच तांब्याची ही दोन टोकाची वागणूक ज्या गुणामुळे घडते, त्या गुणाला अभियांत्रिकीत पदार्थाचे अवमंदन म्हणतात. आणि पूल, धुराडी, विजेच्या तारा, विमानाचे पंख व धरणाचे दरवाजे यांच्या सुरक्षिततेचा विचार करताना या गुणाची दखल घ्यावीच लागते.

कोणत्याही ताठ वस्तूला धक्का दिला म्हणजे ती आपल्या मूळ स्थितीपासून ढळते, स्थितिस्थापकतेमुळे परत येते, आलेल्या वेगामुळे मूळ स्थिती ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते, आणि हेच पुन्हा पुन्हा घडत राहते. या येरझाऱ्यांना कंपन म्हणतात, एका सेकंदात होणाऱ्या येरझाऱ्यांच्या संख्येला कंप्रता म्हणतात, आणि मूळ स्थितीपासून वस्तू जितकी दूर जाते त्या अंतराला कंपविस्तार म्हणतात. वस्तूला एकदा धक्का देऊन मोकळे सोडले असता ती ज्या कंप्रतेने कंप पावते ती तिची नैसर्गिक कंप्रता होय, आणि ती मुख्यतः वस्तूच्या ताठपणावर व वस्तुमानावर ठरते. ऊर्जा कोठेही गळत नसती तर हे कंपन अनंतकाळ चालले असते. प्रत्यक्षात प्रत्येक आवर्तनात ऊर्जेचा काही हिस्सा उष्णतेत रूपांतरित होतो, काही आवाजाच्या रूपाने हवेत जातो, काही वस्तूच्या आधारांतून व सांध्यांतून निसटतो, आणि कंपन हळूहळू विरते. ऊर्जेच्या या गळतीला अवमंदन हे नाव आहे, आणि त्यातील जो भाग पदार्थाच्या अंतरंगातच, त्याच्या कणाकणांतील हालचालींमुळे घडतो, त्याला पदार्थगत अवमंदन म्हणतात.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच टिपलेला आहे. नाणे खणखणीत वाजते की बद्द वाजते यावरून त्याची पारख केली जात असे, आणि भांडे विकत घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची रीत अजूनही गेलेली नाही. खणखणीत आवाज म्हणजे ऊर्जा कमी गळते आहे आणि कंपन दीर्घकाळ टिकते आहे. बद्द आवाज म्हणजे ती कोठेतरी वेगाने जिरते आहे. भांड्याला तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही कडा प्रत्येक कंपनात एकमेकींवर घासतात, घर्षणात ऊर्जा खर्च होते आणि नाद मरतो. रेल्वेतही डब्यांच्या चाकांवर हातोडीचे ठोके मारून, निर्दोष चाकाचा स्वच्छ नाद आणि तडकलेल्या चाकाचा बसका आवाज यांतला फरक कानाने ओळखण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. या परीक्षेत मोजले जात होते ते अवमंदनच, फक्त मोजणारे उपकरण माणसाचा कान होते.

याच परीक्षेला आकड्यांत बसवायचे तर अवमंदन गुणोत्तर ही संकल्पना लागते. ज्या अवमंदनाला वस्तू एकदाही हेलकावा न घेता कमीत कमी वेळात मूळ स्थितीत येऊन थांबते, त्याला पूर्ण मानून प्रत्यक्ष अवमंदन त्याच्या किती टक्के आहे हे सांगणारा आकडा म्हणजे अवमंदन गुणोत्तर. हे गुणोत्तर १ टक्का असेल तर प्रत्येक आवर्तनात कंपविस्तार सुमारे ६ टक्क्यांनी घटतो, ऊर्जेचा जवळजवळ आठवा हिस्सा जिरतो, आणि कंपन ११ आवर्तनांत निम्म्यावर येते. घंटेच्या किंवा काशाच्या थाळीच्या बाबतीत हा आकडा याचा शंभरावा हिस्सा मानला, म्हणजे ०.०१ टक्का, तर कंपन निम्मे व्हायला सुमारे ११०० आवर्तने लागतात. सेकंदाला ५०० आवर्तने होत असतील तर याचा अर्थ नाद निम्म्यावर येण्यास दोन सेकंदांहून अधिक काळ लागतो. देवळातील घंटेचा सूर लांबत जातो तो या गणितामुळे.

नाद लांबणे ही घंटेची शोभा असली तरी यंत्राच्या किंवा इमारतीच्या बाबतीत तोच गुण घातक ठरतो. बाहेरून येणारे धक्के ज्या कंप्रतेने येतात ती वस्तूच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली म्हणजे प्रत्येक धक्का आधीच्या हेलकाव्यात भर घालतो, आणि या अवस्थेला अनुस्पंदन म्हणतात. अनुस्पंदनात कंपन कोठवर वाढेल हे ठरवणारी एकमेव गोष्ट म्हणजे अवमंदन, कारण प्रत्येक आवर्तनात बाहेरून आत येणारी ऊर्जा आणि आत जिरणारी ऊर्जा समान होईपर्यंत वाढ थांबत नाही. अवमंदन गुणोत्तर ५ टक्के असेल तर तेवढाच भार स्थिरपणे लावला असता जेवढे वाकणे झाले असते त्याच्या दहापट वाकणे होते, १ टक्का असेल तर पन्नासपट, आणि ०.१ टक्का असेल तर पाचशेपट. वस्तू इतकी वाकली नाही तरी लाखो आवर्तनांनी तिच्यात धातूचा शिणवटा येतो, म्हणजे एका वेळी निरुपद्रवी वाटणारा ताण वारंवार येऊन सूक्ष्म भेग पाडतो आणि ती भेग वाढत जाते. ताठपणा वाढवला तर नैसर्गिक कंप्रता बदलून अनुस्पंदन चुकवता येते, परंतु ज्या वस्तूवर अनेक कंप्रतांचे धक्के येतात तिच्या बाबतीत हा मार्ग पुरा पडत नाही आणि अवमंदनाकडेच वळावे लागते.

घन धातूच्या पोटात ऊर्जा नेमकी कोठे जिरते, या प्रश्नाच्या इतिहासात पितळेला मानाचे स्थान आहे, आणि भंडाऱ्याच्या वाचकाला ते ठाऊक असायला हवे. अमेरिकन भौतिकीविद क्लॅरेन्स झेनर यांनी १९३७-३८ च्या सुमारास असे दाखवून दिले की, कंप पावणारी पट्टी वाकते तेव्हा तिची दबणारी बाजू किंचित तापते आणि ताणली जाणारी बाजू किंचित थंड होते. मग एका बाजूकडून दुसरीकडे उष्णता वाहू लागते आणि ही वाहिलेली उष्णता परत कंपनात येत नाही. कंपन फार जलद असेल तर उष्णतेला वाहायला वेळ मिळत नाही, फार संथ असेल तर तापमानातला फरकच उभा राहत नाही, आणि या दोहोंच्या मध्ये कोठेतरी गळती सर्वाधिक असते. पितळ हे असंख्य लहान स्फटिककणांचे बनलेले असते आणि प्रत्येक कणाचा ताठपणा दिशेनुसार वेगवेगळा असतो, त्यामुळे एकाच दाबाखाली शेजारचे कण कमीअधिक दबतात, कमीअधिक तापतात, आणि उष्णता कणाकडून कणाकडे वाहते. झेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये ही घटना पितळेवरच मोजली आणि कणांचा आकार बदलला की गळतीची सर्वाधिक कंप्रताही बदलते हे सिद्ध केले.

पुढे १९४३ मध्ये झेनर यांनी पितळेच्या एकसंध स्फटिकावर प्रयोग करून आणखी एक सूक्ष्म प्रक्रिया शोधली. तांब्याच्या अणूंच्या जाळ्यात जस्ताचे अणू विखुरलेले असतात आणि शेजारी आलेल्या जस्त-अणूंच्या जोड्या दाबाच्या दिशेनुसार आपली मांडणी बदलू पाहतात. या बदलाला लागणारा विलंब म्हणजेच ऊर्जेची गळती. या प्रक्रियेला आज झेनर शिथिलन म्हणतात. मात्र अणूंना जागा बदलण्यासाठी धातू कित्येक शे अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो, आणि खोलीच्या तापमानाला ही हालचाल इतकी मंद असते की ऐकू येणाऱ्या कंपनांवर तिचा परिणाम होत नाही. भंडाऱ्याच्या हंड्याला आणि घंगाळाला जो खडा नाद आहे, त्याचे एक कारण त्यातील जस्ताचे अणू अशा रीतीने जागच्या जागी जखडलेले असणे हे आहे.

घरातल्या दुसऱ्या धातूशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. बिडाचा तवा वाजवला तर नाद निघत नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्यात ३ ते ४ टक्के कार्बन असून त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ, वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडभर पसरलेला असतो. कंपन होताना या मऊ पापुद्र्यांत आणि त्यांच्या टोकांजवळील लोखंडात सूक्ष्म घसरण होऊन ऊर्जा जिरते. लेथ यंत्राचा तळ बिडाचा ओतण्याची परंपरा केवळ स्वस्ताईमुळे टिकली नाही. कातकाम करताना हत्यार थरथरले तर पृष्ठभागावर लाटा उमटतात, आणि बिडाचा तळ ती थरथर गिळून टाकतो. बीड ठिसूळ असते हा त्याचा दोष आहे आणि तो दोष व हा गुण दोन्ही त्याच पापुद्र्यांतून येतात. अवमंदनाच्या शोधात हा पेच वारंवार आडवा येतो: जो पदार्थ ऊर्जा चांगली जिरवतो तो बहुधा दुबळा, मऊ किंवा ठिसूळ असतो, आणि जो बळकट असतो तो बहुधा वाजतो.

या पेचातून सुटलेल्या मोजक्या धातूंत मँगनीज-तांबे मिश्रधातूचा क्रमांक वरचा लागतो. मँगनीजच्या खनिजाचा भंडाऱ्याशी असलेला संबंध शतकाहून जुना आहे. मध्य प्रांतातील या खनिजाचे काम १८९६ मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने हाती घेतले, आणि १९६२ मध्ये नागपूर हे मुख्यालय असलेली मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉईल, ही कंपनी स्थापन झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या पट्ट्याला मोठे स्थान होते, आणि मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या बनलेल्या येथील खडकाला त्यांनी या प्रदेशातील गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव दिले. चिखल्याची खाण भूमिगत आहे, डोंगरी बुजुर्गची उघडी आहे, आणि तुमसर रोड स्थानकातून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग याच पट्ट्यात शिरतो. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण चांगले असल्याने ते विद्युत घटांसाठी, म्हणजे बॅटरीच्या सेलसाठी, वापरले जाते. जगातील मँगनीजचा फार मोठा हिस्सा पोलाद तयार करण्यात खर्च होतो आणि तुमसरचे खनिजही प्रामुख्याने त्याच वाटेने जाते. मँगनीज-तांबे मिश्रधातूसाठी लागणारे अतिशुद्ध मँगनीज विद्युत-विश्लेषणाने वेगळे तयार करावे लागते.

अशा शुद्ध मँगनीजमध्ये तांबे मिसळून, मिश्रण वितळवून, थंड करून आणि नंतर ४०० ते ४५० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास ठेवून जो धातू मिळतो, त्याच्या स्फटिकांत थंड होताना एक बदल घडतो. घनाकृती मांडणीतील अणू एका दिशेने किंचित आखडतात आणि स्फटिकात एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असावेत असे पातळ पट्टे तयार होतात, ज्यांना जुळी म्हणतात. एका जुळ्याचा दुसऱ्याशी लागून असलेला बांध पक्का नसतो. धातूवर ताण आला की तो बांध थोडा सरकतो, ताण उलटला की उलट सरकतो, आणि प्रत्येक सरकण्यात घर्षणासारखी ऊर्जा खर्च होते. पितळेत जस्ताचे अणू जागा सोडत नाहीत, तर येथे स्फटिकाचे पट्टेच्या पट्टे ये-जा करतात. उच्च ताणाखाली या मिश्रधातूत एका आवर्तनातील ऊर्जेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक जिरू शकतो, आणि तरीही त्याचे बळ साध्या पोलादाच्या जवळपास जाते.

ब्रिटनमध्ये सोनोस्टन या नावाने असा मिश्रधातू जहाजांच्या पंख्यांसाठी तयार करण्यात आला. त्यात अर्ध्याहून अधिक मँगनीज, एक तृतीयांशाहून थोडे जास्त तांबे आणि बाकी ॲल्युमिनियम, लोखंड व निकेल होते. पाण्यातून फिरणाऱ्या पंख्याच्या मागच्या कडेवरून एकाआड एक भोवरे सुटतात, त्यांची कंप्रता पात्याच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली तर पंखा अक्षरशः गाऊ लागतो, आणि पाणबुडीच्या बाबतीत हे गाणे शत्रूला तिचा ठावठिकाणा सांगते. म्हणून पाणबुडीच्या पंख्याला हा मुका धातू. दगडात छिद्रे पाडणाऱ्या खाणयंत्रांचा कर्कश आवाज कमी करण्यासाठीही तांबे-मँगनीज मिश्रधातूंचे प्रयोग झाले. जमिनीखालच्या खाणीत, बंदिस्त बोगद्यात, छिद्रयंत्राचा गोंगाट खाणकामगाराचे कान कायमचे निकामी करू शकतो हे लक्षात घेता, त्याच खाणीतून निघणाऱ्या धातूत तो गोंगाट शमवण्याची शक्ती असावी, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

या मिश्रधातूच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. तो तापला की जुळी नाहीशी होतात आणि अवमंदन संपते, त्यामुळे इंजिनाच्या उष्ण भागांत तो निरुपयोगी असतो. फार लहान कंपनांत बांध सरकतच नाहीत, म्हणून कंपन मोठे होऊ लागल्यावरच त्याचा गुण प्रकट होतो. साध्या तापमानालाही वर्षानुवर्षांनी त्याचे अवमंदन काहीसे ओसरते, आणि खाऱ्या पाण्यात तो गंजतो. मँगनीजचा याहून नवा उपयोग जपानमध्ये झाला आहे. तेथे सुमारे १५ टक्के मँगनीज असलेले, क्रोमियम, निकेल व सिलिकॉन मिसळलेले विशेष पोलाद तयार करून त्याचे भूकंपरोधक नागोया येथील जेपी टॉवर या गगनचुंबी इमारतीत बसवण्यात आले आहेत. भूकंपात इमारत डोलू लागली की हे भाग मागेपुढे पिळवटतात आणि इमारतीची ऊर्जा स्वतःत जिरवतात; साधे पोलाद अशा पिळवटीने लवकर तडकते, हे मात्र त्याहून कित्येकपट आवर्तने सोसते.

एका धातूचे अवमंदन आणि त्या धातूच्या संपूर्ण बांधकामाचे अवमंदन यांत मोठी तफावत असते, आणि सामान्य वाचकाची येथे गफलत होण्याचा संभव आहे. पोलादाचे स्वतःचे अवमंदन नगण्य असले तरी नट-बोल्टांनी किंवा रिव्हेटांनी जोडलेल्या सांगाड्यात प्रत्येक सांध्यावर पत्रे एकमेकांवर सूक्ष्मपणे घासतात आणि तेथे ऊर्जा जिरते. म्हणूनच वाऱ्याच्या भारासंबंधीचे भारतीय मानक आयएस ८७५ वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी बांधकामासाठी १ टक्का आणि बोल्टांनी जोडलेल्यासाठी २ टक्के अवमंदन धरते. भूकंपासाठी, जेथे कंपन मोठे असते आणि काँक्रीटमध्ये सूक्ष्म भेगा उघडझाप करू लागतात, तेथे ५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. वेल्डिंगने बांधकाम हलके, नीटनेटके आणि स्वस्त झाले, परंतु रिव्हेटांच्या जुन्या सांध्यांत जे घर्षण फुकट मिळत होते ते नाहीसे झाले, आणि या हानीची दखल आराखड्यात जाणीवपूर्वक घ्यावी लागते.

भात गिरण्यांच्या व कारखान्यांच्या बॉयलरवरील उंच, गोल, वेल्डिंग केलेली पोलादी धुराडी हे याचे उत्तम उदाहरण होय. वारा गोल धुराड्याला वळसा घालून जाताना मागे डावी-उजवीकडे आलटूनपालटून भोवरे सोडतो आणि त्यांचा धक्का वाऱ्याच्या दिशेला काटकोनात बसतो. दोन मीटर व्यासाच्या धुराड्याची नैसर्गिक कंप्रता सेकंदाला एक आवर्तन असेल, तर भोवऱ्यांची व तिची गाठ ताशी सुमारे ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात पडते. शेजारच्या नागपूरसाठी मानकाने आराखड्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, दिलेला आहे; त्या वादळात टिकून राहील असे मजबूत धुराडे याच्या एक चतुर्थांश वेगाच्या नेहमीच्या वाऱ्यात वर्षभर डोलून शिणवट्याने तडकू शकते. आतून विटांचे अस्तर दिल्याने वस्तुमान व अवमंदन दोन्ही वाढतात आणि डोलणे आटोक्यात राहते, किंवा वरच्या भागाला मळसूत्रासारख्या पट्ट्या जोडून भोवऱ्यांची शिस्तच मोडली जाते.

विजेच्या उच्चदाब तारांचे दुखणे याच जातीचे आहे. मंद, एकसारख्या वाऱ्यात तार बारीक थरथरते आणि मनोऱ्याशी जेथे ती पकडलेली असते तेथे तिचे पीळ एकेक करून तुटतात. अनेक तारा पिळून केलेल्या या दोरखंडात पीळ एकमेकांवर घासून थोडे अवमंदन मिळते, पण तार जितकी ताणून बांधावी तितके ते घटते. जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात यावर उपाय काढला. पीळदार तारेच्या एका लहान तुकड्याच्या दोन टोकांना दोन वजने लावून तो मुख्य तारेखाली टांगला की तार थरथरताना तुकडाही वाकतो आणि त्याच्या पिळांतील घर्षणात ऊर्जा जिरते. मनोऱ्याजवळ तारेला लटकलेले डंबेलच्या आकाराचे जे साधन दुरून दिसते ते हेच.

आतापर्यंतच्या उदाहरणांत वारा बाहेरून ठोके देतो आणि वस्तू ते सोसते. फडफड, ज्याला अभियंते फ्लटर म्हणतात, ही याहून वेगळी आणि अधिक भयंकर अवस्था आहे, कारण तिच्यात वस्तूची स्वतःची हालचालच वाऱ्याकडून ऊर्जा ओढून घेते. विमानाचा पंख वर-खाली वाकू शकतो आणि आपल्या लांबीभोवती पिळूही शकतो. कमी वेगात हवा या हालचालींना विरोध करते आणि तिने दिलेले अवमंदन धातूच्या अवमंदनापेक्षा कितीतरी अधिक असते. वेग वाढत जातो तशा वाकण्याच्या व पिळण्याच्या कंप्रता एकमेकींजवळ येतात, पंख वर जात असताना त्याचा पीळ नेमका असा पडतो की हवा त्याला आणखी वर रेटते, आणि खाली येताना आणखी खाली. एका ठरावीक वेगापलीकडे हवेचे अवमंदन ऋण होते, म्हणजे हवा ऊर्जा घेण्याऐवजी देऊ लागते, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत काही क्षणांत पंख मोडतो.

येथे पदार्थाच्या अवमंदनाची भूमिका नेमकी किती, हे काटेकोरपणे सांगणे आवश्यक आहे. फडफडीचे आगमन सौम्य असेल, म्हणजे हवेचे ऋण अवमंदन वेग वाढूनही अर्ध्या-एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत असेल, तर वस्तूचे स्वतःचे एक-दीड टक्का अवमंदन त्याला पुरून उरते आणि फडफड होतच नाही. आगमन स्फोटक असेल, म्हणजे वेगातील थोड्याशा वाढीने ऋण अवमंदन शून्यावरून तीन-चार टक्क्यांवर उडी घेत असेल, तर धातू कितीही चांगला निवडला तरी संकटाचा वेग किंचितच पुढे सरकतो. दुसऱ्या प्रकारावर उपाय आकारात, ताठपणात आणि वस्तुमानाच्या मांडणीत शोधावा लागतो.

अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाचा अनुभव हेच सांगतो. सुमारे ८५३ मीटर लांबीच्या मुख्य गाळ्याचा, अवघ्या १२ मीटर रुंदीचा आणि बाजूंना सपाट, भरीव पोलादी तुळया असलेला हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीस खुला झाला आणि सुरुवातीपासूनच वाऱ्यात लाटांसारखा हलू लागला. बांधणाऱ्यांनी मनोऱ्यांजवळ द्रवदाबाचे रोधक बसवले, बाजूच्या गाळ्यांना जाड तारांनी जमिनीशी बांधले, परंतु रोधकांची सीलबंदी निकामी झाल्याने ते चालले नाहीत आणि तारा तुटल्या. ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटरच्या वाऱ्यात पूल पिळू लागला आणि कोसळला. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ही घटना अनुस्पंदनाचे उदाहरण म्हणून दिली जाते, ते बरोबर नाही; वाऱ्याचे ठोके पुलाच्या पिळण्याच्या कंप्रतेशी जुळत नव्हते, पुलाचे पिळणेच वाऱ्यातून ऊर्जा खेचत होते. १९५० मध्ये त्याच जागी जो नवा पूल उभा राहिला, त्यात सपाट तुळयांच्या जागी वारा आरपार जाईल अशी, सुमारे दहा मीटर उंचीची जाळीदार कैची वापरली गेली.

टर्बाइनच्या पात्यांत मात्र पदार्थाची निवड अधिक निर्णायक ठरली. मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या तिरोडा येथल्यासारख्या औष्णिक केंद्रात वाफेचे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते आणि त्याच्या पात्यांवर वाफेचे ठोके अखंड बसतात. या पात्यांसाठी सुमारे १२ टक्के क्रोमियमचे पोलाद जगभर रूढ झाले, त्यामागे गंजरोधाबरोबर त्याचे असाधारण अवमंदन हेही एक कारण होते. या पोलादात असंख्य सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे असतात, ताणाने त्यांच्या सीमा सरकतात, आणि सरकण्यात ऊर्जा जिरते. मँगनीज-तांब्यातील जुळ्यांच्या बांधांशी याचे साम्य लक्षणीय आहे. पाते वेगाने फिरताना केंद्रोत्सारी प्रेरणेने ते सतत ताणलेले राहते आणि हा गुण बराच कमी होतो, म्हणून शेवटच्या टप्प्यांतील लांब पाती एकमेकांना तारेने किंवा टोपणांनी जोडून त्यांच्या घासण्याचाही आधार घेतला जातो.

भंडारा जिल्ह्यातील सर्वांत मोठे पोलादी बांधकाम, ज्याला वाहता प्रवाह प्रत्यक्ष भिडतो, ते पवनी तालुक्यात वैनगंगेवर आहे. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि त्याच्या सांडव्याला ३३ दरवाजे आहेत, जे पावसाळ्यात कमीअधिक उंचीने उचलले जातात. दरवाजा पूर्ण बंद असताना किंवा पूर्ण वर असताना त्याला कंपनाची भीती सहसा नसते. तो थोडासा उघडा असून खालच्या फटीतून पाणी जोराने सुटते तेव्हा दरवाजा किंचित खाली आला की फट अरुंद होऊन प्रवाह बदलतो, बदललेला दाब दरवाजाला पुन्हा हलवतो, आणि हवेऐवजी पाण्यातली फडफड सुरू होण्यास जागा मिळते. अशा दरवाजाला लागून असलेले पाणीही त्याच्याबरोबर हलते, त्यामुळे त्याचे परिणामी वस्तुमान वाढते व कंप्रता उतरते, आणि पोलादाचे तुटपुंजे अवमंदन या बलाढ्य प्रवाहापुढे टिकत नाही. जपानमधील वाची धरणाचा एक दरवाजा जुलै १९६७ मध्ये असाच वाहून गेला.

म्हणून दरवाजांच्या आराखड्यात खालची कड धारदार ठेवली जाते, जेणेकरून पाणी एका निश्चित रेषेवरच सुटेल आणि कडेला चिकटून मागेपुढे सरकणार नाही. फट अत्यंत लहान ठेवून दरवाजा दीर्घकाळ चालवू नये असा संकेत असतो. आणि कडेच्या रबरी पट्ट्या, ज्यांचे अवमंदन पोलादापेक्षा शेकडो पटींनी अधिक असते, त्या झिजल्या, कडक झाल्या किंवा एका जागी सुटून पाणी झिरपू लागले, तर गळतीच्या त्याच चिरेत थरथर सुरू होते. पावसाळ्यापूर्वी दरवाजांची तपासणी होते तेव्हा तेलपाणी, दोर आणि मोटारी यांच्याबरोबर या काळ्या रबरी पट्ट्यांवरून हात फिरवून पाहणे हे कामही तेवढेच महत्त्वाचे असते.